दक्षिण महासागर आणि दिवाडीची गोदी

दक्षिण महासागराच्या इतिहासात कप्तानांची नावे ठळक अक्षरांत येतात. गलबते बांधणाऱ्या सुतारांची बहुधा येतच नाहीत. वास्तविक हा महासागर माणसाच्या आधी गलबताचीच परीक्षा घेतो. भूगोलवेत्ते त्याची सीमा साठाव्या दक्षिण अक्षांशाशी आखतात. नाविकांच्या लेखी तो चाळिसाव्यापासूनच सुरू होतो. तेथून दक्षिणेस पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती जवळजवळ अनिर्बंध वाहतो. त्याच्या वाटेत मोठी भूमी अशी फारशी नाहीच. त्यामुळे लाटा हजारो मैल वाढत येतात. ‘गर्जणारे चाळीस’ हे नाव शिडाच्या जहाजांवरील खलाशांनी उगाच दिलेले नाही.

या लाटांशी पश्चिम भारताच्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली होती. सुतारांनी वाकसाने तासून घडविलेल्या या लहानशा नौकेतून ते १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पोहोचले ते एकटेच. कीर्ती अर्थातच नाविकाला मिळाली.

भारतीय नाविकानेही अशी प्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. प्रश्न नौकेचा होता. परदेशातून तयार नौका आणणे सोपे झाले असते. तरीही काम गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीकडे आले. आराखडा हॉलंडचा होता; ५६ फुटांचे, लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे थर दिलेले गलबत येथील कारागिरांनी उभे केले. नौकाबांधणी पाहत दोंदेही गोदीतच राबले. मांडवीचे वरच्या प्रवाहातील नाव ‘म्हादेई’. तेच नौकेला दिले.

ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन एवढेच थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी, मध्ये कोठेही न थांबता, मुंबईस पोहोचले. एकाच गलबताने दोनदा केप हॉर्न ओलांडावे, हे गोदीच्या हिशेबात मोठेच जमा आहे.

मात्र या महासागरापुढे कारागिरीचीही मर्यादा उघड होते. सुहैलीच्या धर्तीवर गोव्यातच बांधलेल्या ‘थुरया’तून टॉमी २०१८ मध्ये पुन्हा उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना उचलले.

दिवाडीचीच ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांसह हा मार्ग करून आली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून निघाल्या. जानेवारी २०२५ अखेरीस ती दक्षिण प्रशांत महासागरातील पॉइंट नेमोजवळून गेली. तेथून नजीकची जमीन कोणत्याही दिशेस सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे.