दार वाचकानंच उघडायचं

रहस्यकथा आणि भयकथा जन्मापासून शेजारणी आहेत. एडगर ॲलन पोनं १८४१ मध्ये पॅरिसच्या एका बंद खोलीतल्या दोन खुनांचा उलगडा केवळ तर्कानं करून दाखवला आणि आधुनिक गुप्तहेरकथा सुरू झाली. अंगावर काटा आणणाऱ्या कथाही त्याच लेखणीतून उतरत होत्या. पण पुस्तकात वाचकाला एक अभय असतं. तळघराचं दार लेखक उघडतो, वाचक त्याच्या पाठीशी उभा असतो. हे अभय काढून घेतलं ते कॉम्प्युटरवरच्या भुताटकीच्या, खुनाचा छडा लावायला लावणाऱ्या 'पॉइंट अँड क्लिक' गेमनी.

या घराण्याची मूळ वास्तू म्हणजे १९८० चा 'मिस्टरी हाउस'. रॉबर्टा विल्यम्स यांना नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर'नं झपाटलं होतं. ॲगाथा ख्रिस्तींच्या कादंबरीवरून त्यांना एक जुना वाडा सुचला, ज्यात पाहुणे एकेक करून मरत जातात. चित्रं त्यांनी काढली, प्रोग्राम पती केन यांनी लिहिला. ॲपल टू कॉम्प्युटरवर साध्या रेघांची ७० चित्रं बसवली. गेम विकला गेला प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीतून. त्याआधी साहसाच्या गेममध्ये चित्रं नव्हती. आता वाडा डोळ्यांना दिसू लागला.

पण हात अजून कीबोर्डवरच होते. प्रत्येक कृती एकदोन शब्दांत टाइप करायची आणि कॉम्प्युटरला ती कळली तर ठीक. योग्य शब्द शोधण्यातच खेळणाऱ्याची दमछाक व्हायची. शब्दांशी झटापट सुरू झाली की भीती टिकत नाही.

ही अडचण माउसनं सोडवली. १९८५ मध्ये आयकॉम सिम्युलेशन्सनं मॅकिंटॉशसाठी 'देजा व्ह्यू' काढला. शिकागोतला एक खासगी गुप्तहेर सार्वजनिक शौचालयात शुद्धीवर येतो. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही आणि खुनाचा आळ त्याच्यावर आहे. खिशातल्या वस्तू माउसनं ओढून काढायच्या, तपासायच्या, आपण कोण ते शोधायचं. पुढच्याच वर्षी याच कंपनीनं 'अनइनव्हायटेड'मध्ये हीच पद्धत झपाटलेल्या घरात नेली. १९८७ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या 'मॅनियाक मॅन्शन'नं पडद्याच्या तळाशी १५ क्रियापदं मांडून ठेवली. क्रियापदावर क्लिक करा, मग वस्तूवर. टायपिंग संपलं. खेळणारा आणि दार यांच्यामध्ये आता काहीच उरलं नाही.

गेम सीडी-रॉमवर येऊ लागले, तशी भीतीही सजली. १९९३ च्या 'द सेव्हन्थ गेस्ट'मध्ये खरे नट भुतांसारखे जिन्यावरून तरंगत जातात, पण खरी कल्पकता आहे कर्सरमध्ये. माउसचा बाण म्हणजे हाडांचा पंजा. वाट असेल तिकडे तो बोटानं खुणावून बोलावतो, नसेल तिथे बोट हलवून नकार देतो. खेळणाऱ्याचा स्वतःचा हातच मेलेल्याचा झाला! त्याच वर्षी जेन जेन्सन यांनी 'गॅब्रिएल नाइट'मध्ये तपासाला वजन आणलं. न्यू ऑर्लिन्सचा एक कफल्लक पुस्तकविक्रेता वूडू हत्यांचा माग काढतो आणि तो माग त्याच्याच घराण्याच्या इतिहासात शिरतो. तिथे चाव्या गोळा करून भागत नाही. माणसांशी बोलावं लागतं, वाचावं लागतं.

पुढे थ्रीडी गेमच्या लाटेत मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार सोडून दिला. तो जगवला छोट्या निर्मात्यांनी. डेव्ह गिल्बर्ट यांचा 'द ब्लॅकवेल लेगसी' २००६ मध्ये आला, तोही फुकट मिळणाऱ्या 'ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ' या साधनावर बेतलेला. त्यात न्यूयॉर्कची एक तरुणी आणि तिच्या सोबतचं भूत मिळून अडकलेल्या आत्म्यांचा शोध घेतात. आत्मा का अडकला हे कळलं, तरच त्याची सुटका होते. भुताला पळवून लावायचं नाही, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं.

म्हणूनच या गेमना गुप्तहेरकथेच्या इतिहासात मानाचं पान मिळायला हवं. चित्रं, आवाज, सीडी ही त्यांची वरची सजावट. खरं देणं हे की त्यांनी वाचकाला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून तपासाची जबाबदारी त्याच्या हाती दिली. दारामागे काय आहे ते जाणून घ्यायचं, तर भीती वाटत असतानाही ते आपणच उघडावं लागतं. सत्य शोधणाऱ्या कुणालाही हे चुकलेलं नाही.