आपण कुणीकडून होतो?

१३ मार्च २०२३ च्या सकाळी परभणीतच काय, सगळ्या देशात एकच गाणं वाजत होतं. 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं होतं. 'आरआरआर'च्या दोन नायकांपैकी एक कोमाराम भीम. खरा भीम आदिलाबादच्या जंगलात निजामाच्या अंमलाविरुद्ध लढला आणि १९४० साली मारला गेला. सिनेमात निजाम कोपऱ्यात गेला, इंग्रज पुढे आले आणि कुणाला त्याचं फार वाटलं नाही. त्याच सोहळ्यात एका जर्मन युद्धपटाने चार ऑस्कर नेली. एडवर्ड बर्गर दिग्दर्शित 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. आमच्या घरी तो बघितला गेला तो या बातमीमुळेच. एरवी परभणीच्या उन्हाळ्यात जर्मन भाषेतला, इंग्रजी सबटायटलांचा, अडीच तासांचा चिखल कोण बघतो?

बघणारे आम्ही चौघे. मी, बारावीची परीक्षा देत असलेला पुतण्या, त्याची आई म्हणजे माझी वहिनी आणि ऐंशी ओलांडलेली आत्या. आत्याला सबटायटल्स वाचता येत नव्हती, म्हणून मधूनमधून मी मराठीत सांगत होतो. थोड्या वेळाने तिनेच मला गप्प केलं. "कळायलंय मला. तू नको सांगू."

सिनेमाची पहिली काही मिनिटं ज्यांनी बघितली आहेत त्यांना ती विसरता येणार नाहीत. एक पोरगा हल्ल्यात मरतो. त्याचा गणवेश काढून घेतात, रक्त धुतात, मग बायका शिलाई मशिनवर बसून गोळ्यांची भोकं शिवतात. तोच गणवेश पाउल बॉयमर नावाच्या नव्या पोराला मिळतो. कॉलरला आधीच्याच्या नावाची चिठ्ठी असते. पाउल म्हणतो, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. कारकून चिठ्ठी फाडून खाली टाकतो. हा प्रसंग रेमार्कच्या कादंबरीत नाही, बर्गरने घातलेला आहे, आणि माझ्या मते सगळ्या सिनेमात तोच सर्वांत जास्त कादंबरीला शोभणारा आहे. आत्याने आयुष्यभर शिवणकाम केलं. ती एवढंच म्हणाली, "लेकरू गेलं आन् कापड राहिलं."

पाउल फ्रान्सच्या खंदकात पोचला तेव्हा पुतण्याने विचारलं, "काका, यात आपण कुणीकडून होतो?"

प्रश्न साधा आहे. पण सिनेमा जर्मन पोरांच्या बाजूने सांगितलेला असल्यामुळे तो विचारावा लागतो. अडीच तास आपण पाउलबरोबर धावतो, पाउलबरोबर उपाशी राहतो, कात्झिन्स्कीने चोरलेल्या हंसाच्या रश्श्यावर त्याच्यासारखेच तुटून पडतो. समोरून येणारे रणगाडे आपल्याला शत्रूचे वाटतात. ते ज्यांचे होते त्यांच्याच बाजूने हिंदुस्थान लढत होता, आणि या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि जातं.

उत्तर वहिनीने दिलं. ती सातारकडची. "इंग्रजांकडून. आमच्याकडं दगड आहेत की!" पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक गावांत, चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत अशा पाट्या आहेत. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ जी फौज उपासमारीने खंगून शरण गेली तिचं नाव 'सहावी पुणे डिव्हिजन' होतं आणि तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. पाउलची भूक बघताना वहिनीला तिच्या आजोळी ऐकलेल्या गोष्टी आठवत होत्या. त्या वेढ्यात घोड्याचं मांस खायला पुष्कळ हिंदी शिपायांनी बराच काळ नकार दिला होता. तिच्यासाठी सिनेमा घरातला होता.

पण तो दगड साताऱ्याचा. परभणी १९१४ साली इंग्रजी मुलखात नव्हती, निजामाच्या राज्यात होती. आमच्या तालुक्यात अशी पाटी माझ्या पाहण्यात नाही. मराठवाड्यात पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की बहुतेक माणसं 'तेव्हा आपण निजामात होतो' असं म्हणून विषय संपवतात, जणू निजामात असणं म्हणजे युद्धाच्या बाहेर असणं. मी स्वतः शिक्षक म्हणून वर्गात हे वाक्य अनेकदा ऐकलं आहे. म्हणून पुतण्याचा प्रश्न मी जरा घट्ट धरून बसलो.

सुरुवात हिंगोलीपासून करता येते. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेची छावणी होती. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला, म्हणजे मराठी मुलखाच्या कापसावर ही फौज पोसली गेली. १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातलीच एक घोडदळाची तुकडी पुढे 'विसावी डेक्कन हॉर्स' झाली. ही डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये होती. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी, सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या जंगलाशेजारच्या उभ्या पिकातून तिच्या स्वारांनी भाले सरसावून जर्मनांवर चाल केली. मशिनगन असलेल्या शत्रूवर भाल्यांनी! काही जर्मन पिकात भाल्याने मारले गेले, काही पकडले गेले, आणि रात्री स्वारांना मागे यावं लागलं. पाउल १९१७ च्या वसंतात भरती होतो. तेव्हा डेक्कन हॉर्स फ्रान्समध्येच होती, १९१८ च्या सुरुवातीपर्यंत. कॅमेरा आघाडीच्या रेषेवर थोडा उत्तरेकडे सरकला असता, तर समोर फेटेवाले दिसले असते.

दुसरी तुकडी निजामाची स्वतःची, 'हैदराबाद लान्सर्स'. ती सुएझ कालव्यावर आणि पुढे पॅलेस्टाइनमध्ये तुर्कांसमोर होती. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे खलिफा. तो जर्मनीच्या बाजूने उतरला तेव्हा निजामाने जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितलं. दिल्लीत तीन मूर्ती भवनासमोर जे तीन ब्राँझचे सैनिक उभे आहेत ते जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या स्वारांचे. सहलीला गेलेल्या परभणीच्या पोरांनी त्यांच्यापुढे फोटो काढलेले मी पाहिले आहेत. त्यातला एक आपल्या राज्याचा होता हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हैदराबादचं नाव आता तेलंगणाकडे गेलं, त्याबरोबर हा पुतळाही गेला असं आपण धरून चालतो.

इथे आत्याचं सांगायला हवं, कारण तिने सिनेमा वेगळाच बघितला. तिच्या लेखी लढाई एकच, १९४८ ची. तेव्हा ती सात वर्षांची होती. रझाकारांच्या भीतीने आमचं घर बैलगाडीने हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलं, जशी त्या वर्षी अनेक घरं गेली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि ती परत आली. सिनेमात पाउल खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग त्याच्याच तोंडातला चिखल काढू लागतो, त्याच्या खिशात बायको-मुलीचा फोटो सापडतो, तिथे आत्या उठून आत गेली. नंतर म्हणाली, परत आल्यावर शेजारचं घर उघडंच पडलं होतं. ते शेजारी मुसलमान होते. रझाकारांच्या गोष्टी तिने आम्हाला शंभर वेळा सांगितल्या आहेत. ही एकदाही नव्हती सांगितली. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे तिने सर्वांत होरपळलेले म्हणून नोंदवले आणि बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करणाऱ्या आमच्या गावात त्याचं नावही फारसं निघत नाही.

जर्मनांनी हाच विषय पडद्यावर कसा सोसला, तेही बघण्यासारखं आहे. या कादंबरीवरचा पहिला सिनेमा अमेरिकन, १९३० चा. जर्मनमध्ये भाषांतरित करून तो डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला. दुसऱ्याच दिवशी गोबेल्स आपली माणसं घेऊन थिएटरात गेला. अंधारात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, खेळ बंद पडला. आठवड्याभरात सरकारने सिनेमावरच बंदी घातली, कारण काय, तर देशाची प्रतिष्ठा धोक्यात येते. नाझी तेव्हा सत्तेत नव्हते. सिनेमे बंद पाडणं ही आपल्याकडचीच कला आहे असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २०२२ मध्ये कुणी उंदीर सोडले नाहीत, पण इंग्रजी जगात बक्षिसं मिळत असताना जर्मन वर्तमानपत्रांत या सिनेमाला चांगलंच झोडपलं गेलं. मुख्य तक्रार कादंबरीपासून फारकत घेतल्याची, आणि ती मला पटते. कादंबरीत पाउल रजेवर घरी येतो. गावातली मोठी माणसं बिअर पाजून त्याला सांगतात की युद्ध कसं जिंकायचं. तो काही सांगू पाहतो तर म्हणतात, तुला तुझ्यापुरतंच दिसतं, आम्हाला सगळं दिसतं. बर्गरने हा भाग गाळला आणि त्याजागी शेवटच्या पंधरा मिनिटांचा हल्ला घातला. घरी बसून युद्ध बघणाऱ्यांचं एकुलतं प्रकरण गेलं, म्हणजे आमचंच गेलं.

पुतण्याला मी शेवटी जे दाखवलं त्यात घोडे नव्हते. निजामाने इंग्रजांना युद्धासाठी विमानंही दिली. त्यांची एक तुकडी झाली, क्रमांक ११०, नाव 'हैदराबाद'. प्रत्येक विमानावर निजामाची भेट असं लिहिलेलं होतं. १ सप्टेंबर १९१८ ला ती फ्रान्समध्ये पोचली आणि पुढचे दोन महिने भर दिवसा मानहाइम, फ्रँकफर्ट अशा जर्मन शहरांवर बॉम्ब टाकत होती. सिनेमाचा उत्तरार्ध ज्या दिवसांत घडतो, त्याच्या अगदी आधीचे हे दिवस. तिची पुष्कळ विमानं परत आली नाहीत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब मिळाला होता. विमानांचा पैसा कुठल्या खात्यातून निघाला याने फरक पडत नाही. दिवाणी असो की सर्फ-ए-खास, राज्याच्या तिजोरीत मुख्यतः शेतसारा होता, आणि मानवत, सेलू, जिंतूरच्या काळ्या मातीतल्या ज्वारी-कापसाचा वाटा त्यात होता. पुतण्या म्हणाला, "म्हणजे माणसं नाही गेली तरी आपण होतोच की." विमानांवर नाव निजामाचं होतं, हे त्याने मला परत वाचून दाखवायला लावलं.

त्या तुकडीचं पुढेही बरंच झालं. ४ सप्टेंबर १९३९ ला, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, जर्मन युद्धनौकांवर ब्रिटिशांचा जो पहिला हवाई हल्ला झाला त्यात ११० 'हैदराबाद' होती. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपलं. परभणी १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात. ब्रिटिश हवाई दलातली 'हैदराबाद' १९७१ साली विसर्जित झाली.