लाकडी बैल (तान्हा पोळा)

लाकडी बैल हे विदर्भातील तान्हा पोळा या मुलांच्या सणाचे पारंपरिक खेळणे होय. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत, तसेच नागपूर व वर्धा परिसरात हा सण श्रावण अमावास्येच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साजरा होतो. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे परंपरेने मानले जाते.

प्रकार
लाकडात कोरलेला बैल चाकांच्या फळीवर बसवून दोरीने ओढतात. तळहाताएवढ्या बैलापासून अनेकांनी मिळून ओढावयाच्या बैलापर्यंत त्याचे आकार आढळतात. काही बैल रंगविलेले, तर काही केवळ पॉलिश केलेले असतात. शिंगे, वशिंड व मान यांची घडण सुतारागणिक बदलते.

प्रथा
झूल, माळा व घुंगरू घालून मुले बैल तोरणाखाली आणतात. उत्तम सजावटीस बक्षीस दिले जाते. नंतर घरोघरी बैलाची पूजा होऊन मुलांना पैसे वा खाऊ मिळतो. त्यास ‘बोजारा’ म्हणतात.

जतन
अनेक घरांत जुना बैल पुन्हा रंगवून पुढच्या पिढीस दिला जातो. ट्रॅक्टरमुळे गोठ्यातील बैलजोड्या घटल्या आहेत. अशा काळात शेती नसलेल्या घरातील मुलासही पोळ्याला स्वतःचा बैल मिळतो, हे या खेळण्याचे महत्त्व होय.