सूक्ष्मजीवांची प्रथिने आणि गावकुसाबाहेरची भूक

1972 च्या दुष्काळात माझी आजी बेंबळीजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. दुपारी तेथे सुकडी वाटली जाई. पीठ, गूळ आणि तेल यांचा तो कोरडा चुरा. मजुराने ती जागेवरच खावी असा वाटणाऱ्यांचा आग्रह. आजी मात्र निम्मी पदराला बांधून घरी आणी, कारण घरी चार तोंडे वाट पाहत असत. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळे. तिचे नाव आजी अखेरपर्यंत तोंड वाकडे करूनच घेत असे.

नेमक्या याच वर्षांत जगातील विद्वान आजीसारख्यांसाठी एक वेगळेच अन्न सिद्ध करण्यात गुंतले होते, याची आमच्या वाड्याला गंधवार्ता नव्हती. यीस्ट, जिवाणू, बुरशी, शेवाळ अशा सूक्ष्मजीवांच्या पेशी वाढवायच्या, वाळवायच्या आणि त्यांचे पीठ माणसाला किंवा जनावराला खाऊ घालायचे, असे ते अन्न.

कल्पना जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीची आयात तुटली तेव्हा बर्लिनमध्ये माक्स डेलब्रुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मळीवर यीस्ट वाढवले आणि ते सूप-सॉसेजमध्ये मिसळले गेले. (मळी आपल्या साखर कारखान्यांतही उदंड, पण तिची वाट मद्यार्काकडे जाते.) पुढे ब्रिटिश पेट्रोलियमच्या फ्रान्समधील लाव्हेरा येथील केंद्रात आल्फ्रेड शांपान्या यांनी खनिज तेलातील मेणावर यीस्ट वाढवून दाखवले. 1966 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत या अन्नाला 'एकपेशीय प्रथिन' हे नाव मिळाले. वाळलेल्या यीस्टमध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिन, जिवाणूंत त्याहून अधिक. आणि वाढ काही तासांत दुप्पट. शेत नको, पाऊस नको. दुष्काळी मुलखाला आणखी काय हवे? अडचण एकच निघाली. या पेशींत न्यूक्लिक आम्ल फार असते. माणसाच्या शरीरात त्याचे यूरिक आम्ल होते, सांधे धरतात, खडे होतात. म्हणून हे आम्ल रोज दोन ग्रॅमच्या वर पोटात जाऊ नये असे ठरले. जनावरांच्या बाबतीत ही काळजी फारशी नव्हती.

1968 साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांचे संकट येऊ घातल्याचा इशारा दिला. गरिबाचे दुखणे प्रथिनांचे, तेव्हा औषधही प्रथिनांचेच, असा हा सरळ हिशोब. तो खोडून काढणाऱ्यांत महाराष्ट्रातला एक माणूस पुढे होता. सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते, नंतर पुण्यात स्थिरावले. 1970 च्या सुमारास त्यांनी आकडेवारीने दाखवले की भारतात ज्यांना प्रथिन कमी पडते त्यांना बहुधा एकूण अन्नच कमी पडत असते. पोटभर भाकरी नसेल तर शरीर खाल्लेले प्रथिनही सरपणासारखे जाळून टाकते. त्याच्यावर आणखी यीस्ट ओतणे म्हणजे चुलीत जास्तीचे लाकूड घालणे. म्हणजे प्रश्न मजुरीचा आणि धान्याच्या भावाचा होता. आजीने निम्मी सुकडी का बांधून आणली, याचे उत्तर येथे आहे.

परंतु सुखात्मे यांचाही उदोउदो करण्याचे कारण नाही. पुढे त्यांनीच माणसाचे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते असा सिद्धांत मांडला, आणि भुकेलेल्यांची संख्या कागदावर घटली. वि. म. दांडेकर यांनी 1981 साली त्याचा प्रतिवाद केला. खडी फोडणाऱ्या बाईचे शरीर किती जुळवून घेते, हे तिला कोणी विचारले नाही.

आमच्या समाजाला प्रथिनांचा इतिहास कोणी शिकवावा असे नाही. मेलेले ढोर ओढायची सक्ती आणि त्याचे मांस हाच मोबदला, अशी गावगाड्याची रीत. वाड्यात दोरीवर चान्या वाळत. 1927 साली महाडहून बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली, आणि आमच्या आज्या-पणज्यांनी फुकट मिळणारे प्रथिन स्वाभिमानासाठी टाकले. हा निर्णय पोषणाच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. 2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैलापर्यंत आली आणि गरिबाला परवडणारे मांस बाजारातून गेले. तेव्हा प्रथिनांची तूट सत्ताधाऱ्यांना आठवली नाही.

आणि ते पेशींचे पीठ? ब्रिटिश पेट्रोलियमचा सार्डिनिया बेटावरचा कारखाना बांधून झाला, पण धड चाललाच नाही. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 1980 च्या सुमारास बिलिंगहॅमला मिथेनॉलवर जिवाणू वाढवून 'प्रुटीन' नावाचे पशुखाद्य काढले. ते स्वस्त सोयाबीनपुढे टिकले नाही. भुकेल्यांच्या नावाने सुरू झालेले संशोधन डुकराकोंबड्यांच्या गव्हाणीपर्यंत जाऊन थांबले. तेच सोयाबीन आज बेंबळीच्या शिवारात आहे. तेल काढून उरलेली पेंड, म्हणजे प्रथिनांचा मोठा भाग, कोंबडीखाद्याला जाते. पिकवणाऱ्या घरात ताटाला सोयाबीन लागत नाही, आणि त्यापायी मूग-उडदाचे रान मात्र कमी झाले.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञानाचे नवे धोरण मंजूर केले. त्यात 'स्मार्ट प्रथिने' आहेत. सूक्ष्मजीवांची प्रथिने त्यांतलीच. वर्गात मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हे रेशनवर येणार का कोंबड्यांना जाणार?" मला उत्तर देता आले नाही.