मोट, मालगुजारी आणि गावचे पाणी

सौंसर तालुक्यातील बोरगाव हे आज मध्यप्रदेशच्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठीभाषी मुलूख मागे राहिला, हे वाचकांस विदित आहेच. या सीमाभागाचा विचार आपण बहुधा भाषेच्या अंगाने करतो. येथे आम्ही तो पाण्याच्या अंगाने करू इच्छितो.

जुन्या मध्यप्रांतात गावचा कारभार मालगुजाराच्या हाती असे. भंडारा-चांद्याकडे धानासाठी बांधलेल्या हजारो तलावांची पाळ राखणे आणि पाण्याच्या पाळ्या लावणे ही कामे मालगुजार व रयत मिळून करीत. गावच्या रूढी वाजिब-उल-अर्जात नमूद होत. सौंसर-पांढुर्ण्याकडची गोष्ट निराळी. येथील बागाइतास मुख्य आधार विहिरीचा, आणि विहीर ज्याची त्याची. १८८२ चा सुविधाधिकार कायदा प्रारंभी ज्या मोजक्या प्रांतांस लागू झाला, त्यांत मध्यप्रांत होता. निश्चित प्रवाहाने न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा जमीनमालकाचा हक्क त्या कायद्याने मान्य केला.

हा हक्क कागदावर अमर्याद असला, तरी व्यवहारात त्यास मोटेची मर्यादा होती. बैलजोडीच्या दमापलीकडे आणि नाड्याच्या लांबीपलीकडे कोणासही पाणी उपसता येत नसे. म्हणून विहिरींसाठी गावाला वेगळा नियम करण्याची निकड भासली नाही. बैलांचा थकवा हाच नियम होता.

मालकी हक्क नष्ट करणाऱ्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. पडीत जमिनी, जंगल, तलाव, पाण्याचे पाट हे सारे शासनाचे झाले. वहिवाटीच्या जमिनीतील खाजगी विहिरी मात्र धन्याकडेच राहिल्या. मालगुजारीत जुलूम होता, आणि ती गेली हे इष्टच झाले. परंतु तिच्याबरोबर तलावाची पाळ राखण्याची गावची जबाबदारीही सैल झाली. भंडाऱ्याकडे त्याचे परिणाम उघड दिसले, कारण फुटलेली पाळ डोळ्यांस दिसते. विहिरीखालचे पाणी आटते, ते दिसत नाही.

पुढे मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली आणि जुनी मर्यादा सरली. १८८२ चा हक्क मात्र तसाच उरला. संत्र्याच्या आंबिया बहारास उन्हाळाभर पाणी द्यावे लागते, आणि पिण्याच्या पाण्याची टंचाईही उन्हाळ्यातच पडते. मध्यप्रदेशच्या १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाने टंचाईक्षेत्र घोषित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला. १९९९ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था निर्माण केल्या. पण त्या सिंचनप्रकल्पांच्या लाभक्षेत्रापुरत्या. केवळ विहिरीवर बागाईत करणारा त्यांच्या बाहेरच राहतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन व जलव्यवस्थापन हे पंचायतीचे विषय म्हणून नोंदले आहेत; तथापि शेजारच्या दोन विहिरींतील उपशाची पाळी लावण्याची रीत त्या नोंदीने आपोआप निर्माण होत नाही.

आमच्या मते या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. तलावाकाठच्या गावांना वाटपाची रीत होती. ती शासनाने आपल्याकडे घेतली, पण तिची जोपासना झाली नाही. विहिरीच्या गावांना तशी रीत कधी लागलीच नव्हती. ती आता घडवावी लागेल. केवळ उन्हाळ्यात काढलेल्या बंदीहुकुमाने ती घडणार नाही. ज्यांच्या विहिरींचे झरे एक आहेत, त्यांनी एकत्र बसून किती उपसावे हे ठरवावे, आणि त्या ठरावास पंचायतीने व कायद्याने बळ द्यावे. बोरगावसारख्या गावांतील संत्र्याच्या बागांचे भवितव्य यावरच अवलंबून आहे.