‘प्रेस माझं नाव घेतो’ : पाच ओळींवर भाष्य

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातला कामगार किंवा त्याच्या घरचे स्किझोफ्रेनियाबद्दल बोलतात ते साधारण अशा वाक्यांत. ओळी नमुन्याच्या आहेत, कुणा एकाच्या नाहीत.

“प्रेस चालू झाला की त्यातून माझं नाव येतं.”
कारखान्यातल्या प्रेससारख्या यंत्राच्या खऱ्या आवाजाच्या जोडीने भासाचा आवाज उमटणं मानसोपचाराला जुनं ठाऊक आहे. नळाच्या धारेतूनही तो येतो. म्हणून आजार प्रेसने दिला असं ठरत नाही.

“तिथं कुणी नव्हतं, पण मी ऐकलं.”
दोन्ही खरं. आवाज येत असतानाच डियर्क्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्रण केलं (1999), तेव्हा प्राथमिक श्रवणकेंद्र सक्रिय दिसलं. रुग्ण अवघे तीन होते, हेही लक्षात ठेवावं. त्याआधी 1993 मध्ये मॅग्वायर, शाह आणि मरे यांना बोलणं घडवणाऱ्या ब्रोका भागात रक्तप्रवाह वाढलेला आढळला होता. मग तो आवाज म्हणजे आपलंच आतलं बोलणं असेल, तर ते परकं का वाटावं? कंपनीतून बाहेर गेलेला माल परत आला की गेटपासवरून ओळखतात. बोलताना मेंदूही आज्ञेची एक प्रत श्रवणकेंद्राकडे धाडतो आणि स्वतःच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद दाबतो. संशोधक ज्युडिथ फोर्ड यांच्या ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या) अभ्यासांत रुग्णांमध्ये हे दाबणं कमी पडलेलं दिसलं. खुलासा पटतो, पण अपुरा आहे. आवाज शिव्याच का देतो, हे त्यातून कळत नाही. घरच्यांनी मात्र “कुणी नाही रे तिथं” हा वाद सोडावा; ऐकणाऱ्याला ते ऐकूच आलेलं असतं.

“आई सांगते, आंघोळ कर, डबा घे.”
मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन यांच्या 2015 च्या अभ्यासात चेन्नईतल्या अनेक रुग्णांना नातेवाइकांचे, घरकाम सांगणारे आवाज येत. कॅलिफोर्नियात ते बहुधा अनोळखी आणि हिंसक असत.

“एमआरआय नॉर्मल आहे, मग आजार कसला?”
वरचे निष्कर्ष संशोधनातले आहेत. एकट्याच्या फिल्मवर स्किझोफ्रेनिया वाचता येत नाही. एमआरआय काढतात तो गाठीसारखं दुसरं कारण वगळायला. निदान होतं ते बोलण्यातून, वागण्यातून आणि लक्षणं किती काळ टिकली यावरून.

“गोळ्या घेईन, पण कंपनीत कळलं तर?”
भीती खोटी नाही. पण ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. नोकरी आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर 80 टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416.