१९०९-एस व्हीडीबी सेंट

१९०९-एस व्हीडीबी सेंट हे अमेरिकेच्या लिंकन सेंट (बोलीभाषेत पेनी) मालिकेतील एक दुर्मीळ नाणे आहे. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत अशी केवळ ४,८४,००० नाणी पाडण्यात आली. मालिकेचा संच पूर्ण करू इच्छिणाऱ्या संग्राहकांना बहुधा याच नाण्याची उणीव भासते.

इतिहास

अब्राहम लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी रचलेले हे नाणे २ ऑगस्ट १९०९ रोजी चलनात आले. मागील बाजूच्या तळाशी असलेली त्यांची आद्याक्षरे फार ठळक असल्याची टीका झाल्याने ती काही दिवसांतच काढण्यात आली. १९१८ मध्ये ती लिंकन यांच्या खांद्यावर बारीक आकारात पुन्हा आली.

संग्रह

फिलाडेल्फिया टांकसाळीची आद्याक्षरांसह पाडलेली सुमारे २.८ कोटी नाणी सहज मिळतात. त्यांवर सालाखाली 'एस' हे चिन्ह जोडून बनावट नाणी तयार केली जातात. म्हणून चिन्हाचा आकार व स्थान भिंगाखाली तपासतात.

दुर्मीळता केवळ संख्येवर ठरत नाही. १९३१-एस (८,६६,०००) हे नाणे १९१४-डी (११,९३,०००) पेक्षा कमी पाडले गेले. परंतु संग्राहकांनी ते वेळीच साठवल्याने न वापरलेल्या स्थितीत अधिक आढळते.